जांभ्याच्या मुलखातला संगमरवर

गेल्या श्रावणात माझी आत्या आमच्या गावच्या देवळाच्या पायरीवरून घसरून पडली. वय अठ्ठ्याहत्तर. खुब्याचे हाड मोडले. रत्नागिरीला आणून शस्त्रक्रिया झाली, आणि तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "तुझ्या बापाच्या नावावरून पडले रे मी."

यात अतिशयोक्ती नव्हती. राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावी ग्रामदेवतेच्या देवळाकडे जाणारी जांभ्याची पाखाडी आहे. तिच्या वरच्या तीन पायऱ्यांवर बावीस वर्षांपूर्वी पांढरा संगमरवर बसवला. प्रत्येक लादीवर एकेका देणगीदाराचे किंवा त्याच्या दिवंगत आप्ताचे नाव आहे. मधल्या पायरीवरची लादी माझ्या वडिलांच्या स्मरणार्थ मी दिली होती. दिली होती एवढेच नव्हे. त्या तिन्ही पायऱ्यांचा माल मीच निवडला होता. तेव्हा मी रत्नागिरीत एका फरशीच्या दुकानात हिशेब लिहीत असे. घाऊक भावात माल मिळवून दिला म्हणून ग्रामस्थांनी मला श्रीफळही दिले.

मी भूगर्भशास्त्र शिकलेलो नाही. वाणिज्य शाखेची पदवी, दुकानातली अठरा वर्षे, आणि नंतर नाद म्हणून केलेले वाचन व भटकंती एवढेच माझे भांडवल. पण आत्याच्या त्या वाक्यानंतर मी संगमरवराकडे नव्याने पाहू लागलो. एखाद्या ग्रंथाचे परीक्षण करताना विषय काय, तो कुणासाठी, कुठे मांडला आणि कितपत पेलला हे आपण पाहतो. एखादा दगड एखाद्या जागी बसवणे हेही एक विधानच असते. त्याचेही परीक्षण व्हायला हवे.

प्रथम शब्द पाहू. 'संगमरवर' फारसीतून आला: 'संग' म्हणजे दगड आणि 'मर्मर' म्हणजे हाच दगड. त्या 'मर्मर'ची साखळी ग्रीक 'मार्मारोस'पर्यंत जाते, आणि इंग्रजांचा 'मार्बल'ही तिथूनच निघाला. आपल्याकडे दुसरा एक शब्द आहे, 'आरसपान'. गुजराती व्यापारी आजही 'आरस' किंवा 'आरसपहाण' म्हणतात. 'पहाण' म्हणजे पाषाण. मराठी कथा-कादंबऱ्यांत नायिकेचे सौंदर्य 'आरसपानी' असते, तेव्हा बहुतेक वाचकांच्या मनात आरसा आणि पाणी येते. माझ्याही येत असे. प्रत्यक्षात ती संगमरवरी आहे, एवढेच त्या शब्दाचे म्हणणे. दुकानात एका गुजराती गृहस्थांनी पावतीवर 'आरस' लिहायला सांगितले तेव्हा मला हा उलगडा झाला. ज्या दगडाची खाण आपल्या डोळ्यांसमोर नसते त्याचे शब्दसुद्धा आपल्याकडे असे अर्थ हरवून बसतात. 'जांभा', 'चिरा', 'कातळ', 'सडा' यांच्या बाबतीत कोकणी माणसाची अशी गफलत कधी होणार नाही.

कोकणात संगमरवर का नाही, याचे उत्तर सोपे आहे. संगमरवर म्हणजे रूप पालटलेला चुनखडक. समुद्राच्या तळाशी साचलेला चुनखडक जमिनीच्या पोटात खोल गाडला जातो. तिथल्या उष्णतेने आणि दाबाने त्याचे कण पुन्हा स्फटिकरूप घेतात आणि एकमेकांत घट्ट गुंततात. शुद्ध असेल तर तो पांढरा राहतो. माती, लोह, ग्राफाइट असे काही मिसळले असेल तर त्याच्या शिरा उमटतात. आपल्या पायाखाली मात्र दख्खनचा काळा बेसाल्ट आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्या बेसाल्टवर लाखो वर्षे ऊन-पाऊस झाला, त्यातली वाळूची द्रव्ये वाहून गेली, लोह आणि अ‍ॅल्युमिनियम मागे राहिले, आणि तयार झाला तो जांभा. महाराष्ट्रात संगमरवराच्या जातीचा खडक पाहायचा तर थेट नागपूरच्या उत्तरेला, रामटेक-देवलापारच्या बाजूला जावे लागते. आणि इमारतींसाठी नावाजलेला माल तर राजस्थानातल्या मकराण्याचा. ताजमहालाला १६३२ पासून आणि कोलकात्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियलला विसाव्या शतकाच्या आरंभी लागला तो दगड हाच.

जांभ्याला शास्त्रीय नाव देणारा फ्रान्सिस बुकॅनन मलबारात अंगाडिपुरमला आला होता. लोक हा दगड कुऱ्हाडीसारख्या हत्याराने विटेसारखा कापून काढतात आणि हवेत ठेवला की तो घट्ट होतो, हे त्याने टिपले. लॅटिनमधल्या वीट या अर्थाच्या शब्दावरून त्याने १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवृत्तात 'लॅटराइट' हे नाव दिले. आपल्या चिरेखाणीवरच्या कोणत्याही गड्याने त्याला हेच सांगितले असते. जांभा खाणीतून निघताना मऊ असतो आणि वाऱ्यापावसात कडक होतो. संगमरवर उलटा: घरात, आडोशाला तो शतकानुशतके टिकतो आणि उघड्यावर झिजत जातो. या एका फरकावर माझा पुढचा सगळा युक्तिवाद उभा आहे.

संगमरवराचा शत्रू आंबटपणा. तो मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा बनलेला असतो, आणि त्यावर आम्ल पडले की कार्बन डाय-ऑक्साइड सुटून पृष्ठभाग खाल्ला जातो. दुकानात गिऱ्हाइकाला खरा मार्बल ओळखून दाखवायची आमची युक्ती हीच होती. लादीच्या मागच्या बाजूवर लिंबाचे चार थेंब पिळायचे. बारीक फेस आला तर मार्बल. दुसरी युक्ती चाकूची: मार्बलची कठिणता मोहच्या मोजपट्टीवर तीनच्या आसपास, म्हणून चाकूचा ओरखडा उठतो; ग्रॅनाइटमधल्या गारेची सात, तिथे चाकू हरतो. 'ग्रीन मार्बल' नावाने विकला जाणारा राजस्थानातला केसरियाजीचा हिरवा दगड मुळात सर्पेंटिनाइट, म्हणजे वेगळ्याच कुळातला. 'काळा मार्बल' म्हणून घरी आलेला दगड तर बहुधा ग्रॅनाइटच्या गोत्यातला असतो. आमच्या दुकानात चमकणारे सगळेच मार्बल होते. मीही पावत्या तशाच फाडल्या.

आता कोकणातले स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आणा. आमसूल, आगळ, सोलकढी, कैरी, चिंच, लिंबू, ताक. मार्बलच्या ओट्यावर आगळाचा थेंब रात्रभर राहिला तर सकाळी निस्तेज चट्टा दिसतो. बायका त्याला डाग समजून घासत बसतात. तो डाग नसून खड्डा असतो. तिथली चकाकीच गेलेली असते. देवळातही हेच. पंचामृतातले दही, अभिषेकानंतर उतरणारे आंबूस पाणी, शिवाय तेल आणि कुंकू. आपल्या जुन्या देवळांतल्या मूर्ती काळ्या पाषाणाच्या का, याची धार्मिक उत्तरे अनेक असतील. रोज दह्यातेलात न्हाणाऱ्या देवाला हाच दगड मानवतो, हे त्यातले एक साधे उत्तर मला पटते.

गंमत म्हणजे मराठी घरांत संगमरवराची गरीब भावंडे केव्हाच नांदत होती. शहाबादी, कडप्पा, कोटा हे सगळे चुनखडक. भूगर्भातल्या भट्टीत न गेलेले, एवढाच फरक. आजीच्या न्हाणीतल्या शहाबादी फरशीला आणि ताजमहालाला एकाच कुळातले म्हटले तर भूगर्भशास्त्रज्ञ हरकत घेणार नाही. पण शहाबादी फरशीवर कुणी वडिलांचे नाव कोरत नाही.

*

रत्नागिरीत संगमरवराबद्दल विचार करायचा तर थिबा राजवाड्यात जावे लागते. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडाले घेतले, ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा याला पदच्युत केले आणि १८८६ साली त्याला राणी सुपयालत हिच्यासह रत्नागिरीत आणून ठेवले. बरीच वर्षे बंगल्यांत काढल्यावर १९१० मध्ये त्याच्यासाठी बांधलेला हा राजवाडा तयार झाला. तीन मजले, उतरती छपरे, अर्धवर्तुळाकार लाकडी कोरीवकामाच्या खिडक्या. डिसेंबर १९१६ मध्ये राजा इथेच वारला. म्हणजे वाट पाहण्यात चोवीस वर्षे गेली आणि राहायला सहा मिळाली.

पहिल्या मजल्यावर नृत्यदालन आहे आणि त्याची जमीन संगमरवरी आहे. सहलीला आलेले लोक तिथे दोन मिनिटे थांबतात आणि समुद्र पाहायला सज्जाकडे वळतात. मी तिथे पुष्कळदा गेलो आहे. राजाला ही जमीन पाहून काय वाटले असेल, हे कुणाला सांगता येणार नाही. पण तो कुणाचा मुलगा होता, हे सांगता येते.

थिबाचा बाप मिंडॉन. त्याने मंडालेला कुथोडॉ पॅगोड्याच्या आवारात संपूर्ण त्रिपिटक संगमरवरावर कोरून घेतले. काम १८६० मध्ये सुरू झाले आणि १८६८ मध्ये पुरे झाले. दगड मंडालेच्या उत्तरेला पन्नासएक किलोमीटरवर असलेल्या सग्यिनच्या डोंगरातला. ग्रंथाच्या शिळा ७२९, प्रत्येक सुमारे दीड मीटर उंच, एक मीटरहून थोडी रुंद, दोन्ही अंगांनी कोरलेली. अक्षरांत सोने भरले होते. प्रत्येक शिळेला स्वतंत्र छोटी घुमटी. जगातला सर्वांत मोठा ग्रंथ म्हणून त्याचा उल्लेख होतो, आणि २०१३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृतिनोंदीत तो समाविष्ट झाला. थिबाला रत्नागिरीला पाठवणाऱ्या स्वारीनंतर इंग्रज सैन्याने त्या आवारात तळ ठोकला, लुटालूट झाली, अक्षरांतले सोने गेले. पुढे लोकांनी वर्गणी काढून दुरुस्ती केली तेव्हा अक्षरे काळ्या शाईने भरली. मजकूर तसाच राहिला.

मला यातली महत्त्वाची गोष्ट सोन्याची वाटत नाही. ती घुमटीची आहे. मिंडॉनच्या कारागिरांना ठाऊक होते की मान्सूनच्या देशात संगमरवरावर लिहायचे तर आधी त्याला छत्र द्यायला हवे, आणि अक्षरे उभी ठेवायला हवीत, पाय पडणार नाहीत अशी. अबूच्या देलवाड्याकडेही याच नजरेने पाहता येईल. १०३१ मधली विमल वसही बाहेरून साधी, जवळजवळ निरलंकार. सगळे कोरीवकाम आत. यामागे इतर कारणे असतीलच, पण दगडाचा स्वभाव ओळखणाऱ्याने असेच बांधले असते. थिबा राजवाड्यातली संगमरवरी जमीनही या कसोटीला उतरते. ती पहिल्या मजल्यावर आहे, ओल वर चढत नाही. छपराखाली आहे, पाऊस लागत नाही. तिथे स्वयंपाक नाही, अभिषेक नाही. बांधणाऱ्या इंग्रजी खात्याबद्दल मला प्रेम असण्याचे कारण नाही, कैद्याला शोभेचे घर देण्यातला दांभिकपणाही दिसतो; पण दगडाची जागा त्यांनी बरोबर ओळखली होती.

या कसोटीवर आमच्या पायऱ्या साफ नापास होतात. उघड्यावर, आडव्या, आणि खाली जांभा. जांभा सच्छिद्र असतो, पावसाळाभर पाणी पितो आणि मग सावकाश सोडतो. त्याच्या अंगावर सिमेंटने लादी चिकटवली की ते पाणी लादीच्या पोटात अडकते. दोन-तीन वर्षांत पांढऱ्या दगडावर पिवळट-तांबूस झाक आली. जांभ्यातले लोह पाण्याबरोबर वर आले, असा माझा अंदाज आहे. ग्रामस्थांना वाटले दुकानदाराने फसवले. मग गवंड्याच्या सल्ल्याने कुणीतरी संडास साफ करायचे अ‍ॅसिड ओतून पायऱ्या घासल्या. पॉलिश गेले, आणि खडबडीत झालेल्या दगडात शेवाळ रुजले.

इथे एक कबुली द्यायला हवी. जांभ्याची पाखाडीही पावसात शेवाळते आणि तिच्यावरूनही माणसे पडतात. जांभा म्हणजे सात्त्विक आणि संगमरवर म्हणजे उपरा, असा जो सूर हल्ली कोकणाविषयीच्या लेखनात ऐकू येतो तो मला खोटा वाटतो. 'दर्शनी मुलामा म्हणजे असत्य' हे वाक्यही मी पूर्वी एका व्याख्यानात टाळ्यांसाठी म्हटले होते. आज म्हणणार नाही. ताजमहाल आतून विटांचा आहे. संगमरवर त्याच्या अंगावर चढवलेला आहे. त्याला असत्य म्हणायची माझी तयारी नाही. अंगावर चढवलेला दगड आतल्या अंगाशी कसा वागतो, हा खरा प्रश्न. विटा आणि चुन्यावर कोरड्या प्रदेशात जे जमले ते तीन हजार मिलिमीटर पावसात जांभ्यावर सिमेंटने जमेलच, असे नाही.

पंढरपूरचे उदाहरण ताजे आहे. विठ्ठल मंदिराच्या जतनाचे काम काढले तेव्हा १५ मार्च २०२४ पासून पदस्पर्श दर्शन बंद ठेवले होते. ते २ जूनला पुन्हा सुरू झाले. त्या काळात गाभाऱ्यात अलीकडे बसवलेल्या फरश्या निघाल्या आणि मूळ काळ्या दगडाचे बांधकाम पुन्हा दिसू लागले. वारकऱ्यांनी ते रूप आनंदाने पाहिले. ज्या पिढीने भक्तीने लाद्या बसवल्या तिच्याच मुलांनी भक्तीने त्या काढल्या. दोघांपैकी कुणाची भक्ती कमी होती, असे मला म्हणवत नाही. पण पंढरपूरला पुरातत्त्वाची जाणकार माणसे होती, आराखडा होता, निधी होता. कोकणातल्या गावोगावच्या देवळांत यातले काहीच नसते. तिथे असते ते मुंबई मंडळ.

*

आमच्या देवळाच्या सभामंडपाचा जीर्णोद्धार करायचे मुंबई मंडळाने ठरवले आहे. जमीन आणि कमरेएवढ्या भिंती मार्बलच्या. गणपतीत सभा झाली. मंडळाचा तरुण सचिव मला म्हणाला, "भाऊ, तुम्ही फरशीच्या धंद्यातले. चौरस फुटाचा हिशेब तुम्हीच काढून द्या."

मी हिशेब दिला नाही, बोललो. भिंतीला लादी लावली की जांभ्याला कोरडे व्हायला जागा राहत नाही, ओल लादीच्या वरून, छातीच्या उंचीवर फुटते. आषाढात गार मार्बलवर दमट हवेचे पाणी सुटते, जमिनीला घाम येतो, हे सगळे सांगितले. मिंडॉन राजाचेही सांगितले, ते सांगायला नको होते. माझे संपल्यावर भजनी मंडळातल्या एक काकी उठल्या. म्हणाल्या, "तुझं खरं असेल रे. पण त्या चिऱ्यांवर दोन तास बसून आमची लुगडी झिजतात, गुडघे सोलतात. तू बसतोस कधी खाली?"

मी बसत नाही. खांबाला टेकून उभा असतो.

काकींच्या प्रश्नाला माझ्या अभ्यासात उत्तर नव्हते, आणि ते नसणे हा अभ्यासाचा दोष आहे. दगडाची बाजू मी मांडली. बसणाऱ्याची मांडली नाही. सारवलेली जमीन मऊ होती, पण सभामंडप सारवायला आता गावात हात उरलेले नाहीत. घरे बंद आहेत. मुंबईहून वर्षातून दोनदा येणाऱ्या माणसाला पुसून लख्ख होणारी जमीन हवी असते, आणि आपण गावासाठी काही केले हे डोळ्यांना दिसायला हवे असते. जांभा दिसत नाही. तो सगळीकडेच आहे. पांढरा दगड दिसतो. बावीस वर्षांपूर्वी वडिलांसाठी मलाही तेच हवे होते. शंभर माणसांच्या वाटेत त्यांचे नाव दिसावे म्हणून मी ते नेमके पायांखाली घातले, याचा तेव्हा विचारही मनात आला नाही.

मी एक पर्याय लिहून दिला आहे. भिंती उघड्या ठेवाव्यात, जुना सिमेंटचा गिलावा काढून चुन्याने दर्जा भराव्यात. जमिनीला पॉलिश न केलेला कोटा किंवा शहाबादी घ्यावा. घोटीव असला की लुगडी झिजत नाहीत, आणि मार्बलपेक्षा स्वस्त पडतो. पाखाडीवरचा संगमरवर पूर्ण काढावा. देणगीदारांची नावे सभामंडपात, आत, उभ्या भिंतीवर एका लाकडी फळीवर लिहावीत. सचिवाने कागद घेतला. फळीवरच्या नावांचे मुंबईकरांना कसे वाटेल याची त्याला शंका आहे. निर्णय शिमग्यापर्यंत पुढे गेला.

पायऱ्यांबाबत मात्र आत्याच्या पडण्यामुळे लगेच एकमत झाले. दसऱ्याच्या आधी दोन गड्यांनी पहारीने लाद्या उचकटल्या. बहुतेक अखंड निघाल्या, कारण खालचे सिमेंट केव्हाच सुटले होते. खालचे चिरे ओले, काळसर होते. आठवड्यात ते तांबूस झाले. ज्यांची नावे होती त्यांना आपापली लादी न्यायला सांगितले, आणि कुणी आलेच नाही; मी माझी टेम्पोत टाकून रत्नागिरीला आणली. ती मागच्या पडवीत भिंतीला टेकून उभी आहे. रंग गेला आहे, अक्षरे पुसट आहेत. वडिलांच्या नावातली पहिली दोन अक्षरे पार गेली. आडनाव बोटाने चाचपले तर लागते.

आत्या आता काठी घेऊन चालते. परवा घरी आली तेव्हा तिने लादी पाहिली, काठीने हळूच ठोकून पाहिली, आणि विचारले, "हिचा पोळपाट होईल का रे?"

होईल. दुकानात आम्ही उरलेल्या तुकड्यांचे करून विकत असू. मार्बल गार असतो, त्यावर पोळी चिकटत नाही. फक्त लिंबू पिळायचे नाही.